टेक्सासमध्ये बुरशी काढण्याचा परवाना मिळवताना

टेक्सास राज्यात पुराचे पाणी घरातून उपसायला, भिजलेल्या भिंती फोडायला किंवा पंखे लावून लाकूड वाळवायला राज्य सरकारचा कोणताही परवाना लागत नाही. घरे बांधणाऱ्या सर्वसाधारण कंत्राटदारालासुद्धा येथे राज्यपातळीवरचा परवाना नसतो, हे ऐकून भारतातून आलेल्या माणसाला आश्चर्यच वाटते. मात्र त्याच भिजलेल्या भिंतीवर बुरशी धरली आणि तिचा सलग पसारा 25 चौरस फुटांवर गेला, की कायदा दारात येऊन उभा राहतो. मग ती कोणी मोजायची, कोणी काढायची, सरकारला केव्हा कळवायचे आणि शेवटी कोणत्या कागदावर कोणाची सही हवी, हे सारे ठरलेले आहे. यातला बुरशी काढणाऱ्याचा, म्हणजे ‘मोल्ड रेमेडिएशन कॉन्ट्रॅक्टर’चा परवाना मला मे 2019 मध्ये मिळाला. ह्यूस्टन परिसरात स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी पेटीत ठेवून घरी बसलेल्या बऱ्याच मराठी मुली आहेत आणि त्यांच्याकडून याबद्दल वारंवार विचारणा होते, म्हणून सारा प्रवास एकदा क्रमाने लिहून ठेवत आहे. शुल्क आणि नियम बदलत राहतात, तेव्हा अर्ज करताना विभागाच्या संकेतस्थळावरचा ताजा मजकूरच प्रमाण मानावा.

हा कायदा आला कोठून, हे आधी समजून घेतले तर पुढची कागदपत्रे कमी त्रासदायक वाटतात. 2001 मध्ये ऑस्टिनजवळच्या ड्रिपिंग स्प्रिंग्ज येथील एका बुरशीग्रस्त घराच्या खटल्यात ज्युरीने विमा कंपनीविरुद्ध 3 कोटी 20 लाख डॉलरांचा निवाडा दिला. पुढे अपिलात ही रक्कम बरीच खाली आली, पण तोवर राज्यभर बुरशीच्या दाव्यांचा पूर आला होता आणि विमा कंपन्या हात आखडता घेऊ लागल्या होत्या. बुरशी शोधून देणारे आणि तीच काढून देणारे, असे दोन्हीकडून पैसे घेणारे लोकही बाजारात उतरले होते. 2003 मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि त्यात तपासणी करणारा व सफाई करणारा यांना एकाच कामावर एकत्र येण्यास मनाई केली. माझ्या मते संपूर्ण परवाना पद्धतीचा कणा हाच आहे, आणि ज्याला हा कणा कळला त्याला परीक्षेतले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

मी या व्यवसायात आले ती हार्वे चक्रीवादळामुळे. 25 ऑगस्ट 2017 च्या रात्री ते रॉकपोर्टजवळ किनाऱ्यावर आले आणि नंतर ह्यूस्टनच्या परिसरात अनेक दिवस रेंगाळले. बोमाँटजवळच्या नेदरलँड येथे एकूण 60.58 इंच पाऊस नोंदला गेला. आमच्या भागात पाणी चढले नाही. पण बार्कर जलाशयाच्या मागच्या बाजूला, केटीकडे राहणाऱ्या ओळखीच्या अनेक कुटुंबांची घरे पाण्यात गेली. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर गणपतीच्या वर्गणीऐवजी पंप, ब्लीच आणि हातमोजे यांची देवाणघेवाण सुरू झाली. त्याच गटातून एका छोट्या कंपनीला कार्यालयात नोंदी ठेवण्यासाठी माणूस हवा असल्याचे कळले. वर्क परमिट हाती होते, मुलगी शाळेत जाऊ लागली होती, आणि सप्टेंबरपासून मी तेथे जाऊ लागले.

कार्यालयात बसून काम होईना, कारण प्रत्यक्ष घरात काय चालले आहे ते पाहिल्याशिवाय नोंदींना अर्थ येत नव्हता. परंतु बुरशी काढण्याच्या कामात हात घालायचा तर प्रत्येक मजुराचीही नोंदणी लागते. त्यासाठी चार तासांचे प्रशिक्षण पुरते आणि राज्याची परीक्षा नसते. अडचण वेगळीच होती. 1 नोव्हेंबर 2017 रोजी हा सारा कार्यक्रम राज्याच्या आरोग्य खात्याकडून परवाना व नियमन विभागाकडे गेला. विभागाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून येथे सगळे त्याला ‘टीडीएलआर’ म्हणतात. माझे प्रशिक्षण ऑक्टोबरमध्ये झाले होते, हातात जुन्या खात्याच्या नावाचा फॉर्म होता आणि तो कोठे पाठवायचा याबद्दल कंपनीतही मतभेद होते. मी थांबले, नव्या विभागाचा फॉर्म उपलब्ध झाल्यावरच अर्ज केला, आणि नाताळच्या सुट्टीनंतर नोंदणीपत्र आले. तोवर मी फक्त पाणी उपसणे आणि फोटो काढणे अशीच कामे केली.

त्या हिवाळ्यात मेयरलँडमधल्या एका घरात मी प्रथम हे काम जवळून पाहिले. ब्रेज बायू या संथ ओढ्याच्या काठचा हा भाग 2015 आणि 2016 मध्येही बुडाला होता, त्यामुळे घरमालकीणबाई आम्हालाच क्रम सांगत होत्या. येथील भिंत म्हणजे लाकडी उभ्या पट्ट्यांवर ठोकलेली शीटरॉक, आणि शीटरॉक म्हणजे दोन्ही बाजूंनी कागद चिकटवलेले जिप्सम. पाणी दोन फूट चढले तरी ते आतून वर शोषले जाते, म्हणून जमिनीपासून चार फुटांवर सरळ रेघ मारून खालचा भाग कापतात. शीटरॉकचा तक्ता चार फूट रुंद असल्यामुळे नवीन तक्ता तेथे बरोबर बसतो. कापलेला तुकडा उलटा केला तेव्हा पुढून स्वच्छ पांढऱ्या दिसणाऱ्या भिंतीच्या मागच्या कागदावर काळे-हिरवे वर्तुळाकार डाग एकमेकांना चिकटून पसरलेले होते. आमच्या प्रमुखाने टेप लावून त्यांची लांबी-रुंदी मोजली, फोटो काढायला सांगितले आणि काम तेथेच थांबवले. मला वाटले होते की आता फवारणी सुरू होईल. त्याने फोन केला तो आमच्या कंपनीशी संबंध नसलेल्या परवानाधारक तपासनीसाला, कारण 25 चौरस फुटांची मर्यादा ओलांडली होती आणि तपासनीसाने लेखी आराखडा दिल्याशिवाय आम्हाला पुढे हात लावण्याचा अधिकार नव्हता.

2018 च्या वसंतात मी कॉन्ट्रॅक्टरच्या परवान्याचा विचार करू लागले. त्याला शिक्षण आणि अनुभव यांची जोड लागते. अभियांत्रिकी, वास्तुकला, विज्ञान किंवा बांधकाम अशा विषयातली पदवी असेल तर या किंवा संबंधित क्षेत्रातला एक वर्षाचा अनुभव चालतो. पदवी नसेल तर अनुभवाची वर्षे वाढतात. माझ्याकडे महाराष्ट्रातली स्थापत्याची पदवी होती, पण ती परदेशी असल्यामुळे एका मूल्यांकन संस्थेकडून ती अमेरिकेतल्या पदवीच्या तोडीची असल्याचे पत्र घ्यावे लागणार होते. संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक वेळ या एका पत्राने खाल्ला.

कारण होते नाव. माझ्या पदवी प्रमाणपत्रावर आपल्याकडच्या पद्धतीने आधी आडनाव, मग माझे नाव, मग वडिलांचे नाव. लग्नानंतरच्या पासपोर्टवर माझे नाव, नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव. टेक्सासच्या वाहन परवान्यावर मधल्या नावाचे केवळ आद्याक्षर. मूल्यांकन संस्थेने माझे माहेरचे आडनाव हे माझे पहिले नाव समजून पत्र तयार केले आणि दुरुस्तीसाठी पुन्हा शुल्क मागितले. मी विवाह नोंदणीचा दाखला, पासपोर्टची दोन्ही पाने आणि ‘या सर्व नावांची व्यक्ती एकच’ असे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र पाठवले, तेव्हा पत्र सुधारून मिळाले आणि वाढीव शुल्कही माफ झाले. गुणपत्रिकांच्या सीलबंद प्रती विद्यापीठाकडून थेट संस्थेला जाव्या लागतात. त्यासाठी सांगलीहून दादाला खेटे घालावे लागले. आई फोनवर म्हणाली, “अगं, एवढी इंजिनिअर झालीस, आणि आता भिंती पुसायला सरकारची परवानगी काढतेस होय?” तिला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही, कारण खरोखर माझ्याही मनात तोच प्रश्न होता. ज्या मैत्रिणींना हा परवाना काढायचा आहे त्यांनी अभ्यासक्रमाची फी भरण्याआधी हे एक पत्र मागवावे आणि पुढे प्रत्येक फॉर्मवर वाहन परवान्यावर आहे अगदी तसेच नाव लिहावे. परीक्षा केंद्रावरही ओळखपत्रावरचे नाव अक्षरशः जुळवून पाहतात.

अनुभवाचे पत्र त्यामानाने सोपे होते, फक्त ‘अमुक वर्षे काम केले’ एवढ्यावर ते भागत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याला साधारण किती तास, कामाचे स्वरूप काय आणि सही करणाऱ्याचा संपर्क काय, हे सारे त्यात हवे. मी कामांच्या पत्त्यांची आणि तारखांची वही पहिल्या दिवसापासून ठेवली होती, त्यामुळे मसुदा मीच लिहून प्रमुखाकडे सहीला नेला.

चाळीस तासांचा अभ्यासक्रम नोव्हेंबर 2018 मध्ये केला. राज्याची मान्यता असलेल्या प्रशिक्षकाकडेच तो करावा लागतो; मला साडेआठशे डॉलर पडले आणि पुस्तके त्यातच आली. वर्गात बहुतेक जण मेक्सिको आणि एल साल्वाडोरहून आलेले, वर्षानुवर्षे हेच काम केलेले पुरुष होते. त्यांचे हात काम जाणत होते आणि मला इंग्रजी नियम वाचता येत होते, त्यामुळे दुपारच्या सुट्टीत आपसूकच अदलाबदल होऊ लागली. सहा मिल (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचे प्लास्टिक कोपऱ्यात सुरकुती न पडू देता कसे ताणायचे, हे मी त्यांच्याकडून शिकले. बंदिस्त केलेल्या खोलीतली हवा यंत्राने सतत बाहेर ओढतात, म्हणजे आतला दाब कमी राहतो आणि बुरशीचे बीजाणू उरलेल्या घरात पसरत नाहीत. हे नीट झाले आहे का, ते पाहायला प्लास्टिककडे बघायचे: प्लास्टिकची भिंत आतल्या बाजूला पोट ओढून धरल्यासारखी दिसली पाहिजे. ती बाहेर फुगली तर कितीही महागडे फिल्टर लावले तरी उपयोग नाही.

श्वसन-मुखवट्याची चाचणीही याच आठवड्यात झाली. तोंडावर मुखवटा चढवून डोक्यावर टोपडे घालतात, आत कडू द्रावणाचा फवारा मारतात आणि तुम्हाला मान वळवायला, वाकायला, मोठ्याने वाचायला लावतात. जिभेला कडू लागले तर मुखवटा बसत नाही. मला मध्यम आकाराचा मुखवटा गळत होता आणि लहान आकार मागवावा लागला. बांधकामाच्या ठिकाणी स्त्रियांना जे साहित्य मिळेल त्यावर भागवण्याची सवय असते. येथे तसे अजिबात करू नये, आपला आकार आधीच विचारून ठेवावा.

राज्याची परीक्षा खासगी परीक्षा केंद्रात संगणकावर होते. रसायनांची नावे आणि बुरशीच्या जाती पाठ करण्यात मी जानेवारीचा बराच भाग घालवला, पण प्रश्नांचा भर नियमांवर अधिक होता. काम सुरू करण्याच्या किमान पाच दिवस आधी विभागाला सूचना द्यायची. तारीख बदलली तर तेही कळवायचे. आराखडा तपासनीस लिहितो, त्यावरून कामाची योजना कॉन्ट्रॅक्टर लिहितो. ग्राहकाला काम सुरू होण्याआधी विभागाचे माहितीपत्रक द्यायचे. दहापेक्षा कमी सदनिकांच्या निवासी मालमत्तेच्या मालकाला स्वतःच्या इमारतीत परवान्याशिवाय काम करता येते. हे सारे एखाद्या काल्पनिक प्रसंगात गुंफून विचारतात: तुमच्या मेहुण्याची तपासणी संस्था आहे, तुमचा तिच्यात हिस्सा आहे, तर त्याच घराचे काम तुम्ही घ्याल का? तीन पर्याय व्यवहारी वाटतात आणि एकच कायद्यात बसतो. मला पुन्हा पुन्हा जाणवत होते की भिंत किती स्वच्छ पुसता येते याच्याशी राज्याला फारसे कर्तव्य नाही; आपला अधिकार कोठे संपतो हे तुम्हाला ठाऊक आहे का, एवढेच ते तपासत आहे. आईच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे कुठेतरी सापडू लागले होते. फेब्रुवारीच्या अखेरीस मी उत्तीर्ण झाले.

त्यानंतर विमा. परवानाधारकाला प्रत्येक घटनेमागे किमान 10 लाख डॉलरांचा दायित्व विमा, म्हणजे आपल्या कामामुळे दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा विमा, लागतो. तुम्ही एखाद्या कंपनीत नोकरी करत असाल तर कंपनीच्या पॉलिसीचे प्रमाणपत्र जोडता येते, म्हणून मी निश्चिंत होते. ते प्रमाणपत्र हाती आल्यावर मागची अपवादांची पाने मागवून वाचली, तेव्हा त्यात बुरशीपासून होणाऱ्या सर्व दाव्यांना वगळलेले निघाले. 2001 नंतर हे कलम बहुतेक सर्वसाधारण पॉलिसींमध्ये सर्रास घातले जाते. ज्या कामासाठी परवाना मागायचा, नेमके तेच काम विम्याबाहेर! प्रमुखाने दोन-तीन दलालांकडून दर मागवले आणि प्रदूषण दायित्वाची वेगळी जोड घेतली. तिच्यामुळे वर्षाचा हप्ता चार हजार डॉलरांच्या वर गेला आणि कार्यालयात काही दिवस वातावरण तंग राहिले. स्वतःची कंपनी काढू पाहणाऱ्यांनी खर्चाचा अंदाज करताना अभ्यासक्रमाच्या फीपेक्षा या हप्त्याकडे आधी पाहावे. दलालाकडून केवळ प्रमाणपत्र न घेता अपवादांची पाने मागावीत. ती मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

मार्चमध्ये पूर्ण अर्ज गेला. गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी विभाग स्वतः करतो. एप्रिलमध्ये ईमेल आला, त्यात अनुभवपत्रावरील एका तारखेबद्दल खुलासा मागितला होता, कारण माझ्या नोंदणीच्या तारखेआधीचे महिनेही पत्रात मोजलेले दिसत होते. ते महिने पाणी उपसण्याच्या आणि नोंदींच्या कामाचे होते, हे कामाच्या वहीच्या पानांसह स्पष्ट केले. त्यानंतर संकेतस्थळावर स्वतःचे नाव शोधण्याचा मला चाळाच लागला. सकाळी चहा गॅसवर ठेवला की आधी ते पान उघडायचे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात नावापुढे क्रमांक दिसला. कागद टपालाने नंतर आला.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीला कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर गेले. तेथे धोक्याची पातळी 45 फूट आहे. दादाच्या घराचा तळमजला बुडाला आणि पाणी ओसरल्यावर त्याने व्हिडिओ कॉलवर भिंती दाखवून विचारले, तुझे ते परवान्याचे ज्ञान काय सांगते? मी त्याला प्लायवूडची कपाटे आणि गाद्या बाहेर टाकायला सांगितले, विटांच्या भिंतीवरचा सुटलेला गिलावा काढून खिडक्या उघड्या ठेवायला सांगितले, आणि वाळल्याशिवाय रंग देऊ नको म्हणून बजावले. वीट आणि सिमेंट बुरशीला खाद्य पुरवत नाहीत, येथील कागदी भिंत पुरवते. त्यामुळे माझ्या अभ्यासक्रमातले फार थोडे तेथे जसेच्या तसे लागू पडले. महाराष्ट्रात या कामासाठी टेक्सासमधल्यासारखा वेगळा परवाना नाही. दादाने मुखवटा मात्र लावला.

माझ्या सहीने पूर्ण झालेले पहिले काम त्याच सुमारास संपले. फोर्ट बेंड परगण्यातले घर, गळक्या पाइपमुळे न्हाणीघराच्या दोन्ही बाजूंच्या भिंती गेलेल्या. काम संपल्यापासून दहा दिवसांच्या आत घरमालकाला राज्याच्या विमा विभागाचे एमडीआर-1 हे प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्यावर कॉन्ट्रॅक्टरबरोबर तपासनीसाचीही सही लागते: आराखड्यातली बुरशी निघाली आहे आणि ती ज्यामुळे झाली ते कारणही दूर झाले आहे. आमची सफाई तपासनीसाने मान्य केली, पण पाइप खरोखर बदलला याचा पुरावा त्याला हवा होता आणि नळ-कारागिराची पावती घरमालकाकडे सापडत नव्हती. मुदत जवळ येत होती. अखेर कारागिराने पावतीची प्रत ईमेलने पाठवली आणि सही झाली. तेव्हापासून मी नळ-कारागिराची पावती आणि बदललेल्या जोडाचा फोटो काम सुरू होतानाच मागून घेते.

हे प्रमाणपत्र असेल तर केवळ पूर्वी बुरशी झाली होती या कारणावरून विमा कंपनीला त्या घराचा विमा नाकारता येत नाही, आणि घर विकताना मागच्या पाच वर्षांतली अशी सर्व प्रमाणपत्रे खरेदीदाराला द्यावी लागतात. त्या घरमालकांनी पुढच्या वर्षी घर विकायचे ठरवले होते. त्यांना मी मूळ प्रत फाइलमध्ये आणि एक प्रत घराच्या खरेदीखताबरोबर ठेवायला सांगितली. आमच्याकडची प्रत फोटोंसह तीन वर्षे कार्यालयात ठेवायची होती. परवाना दोन वर्षांचा होता, नूतनीकरण 2021 च्या मेमध्ये होते.